व्हॅनला माझा होकार

छोटी कॅम्पर व्हॅन विकत घ्यायला आमच्या घरात विरोध होता तो एकटीचा, माझा. बराच काळ मी तो नेटानं केला. आज मी त्या व्हॅनच्या बाजूची आहे, आणि तिचे पैसे माझ्या निवृत्तीच्या रकमेतून जाणार आहेत. विरोध करताना मांडलेला एकही आकडा मी मागे घेतलेला नाही. तरीही मत बदललं. ते कसं, हे मला नीट सांगायचं आहे.

व्हॅनची ओढ यांना लहानपणापासूनची. यांच्या शाळेच्या सहली मॅटाडोरमधून जायच्या. आकुर्डीला फिरोदियांच्या बजाज टेम्पोत, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्समध्ये, बनणारी ती गाडी पुण्याच्या त्या पिढीच्या मनात घट्ट बसलेली आहे. निवृत्तीनंतर यांनी वही केली. तिच्यात पलंगाची मापं, बॅटरीचे हिशेब, तवसाळ-जयगड आणि दाभोळ-धोपावे इथल्या फेरीबोटींच्या नोंदी. गाडीसकट बोटीत चढायचं, खाडी ओलांडायची, संध्याकाळ होईल तिथे थांबायचं. "वारीत दिंडीचा ट्रक असतो की नाही? तंबू, भांडी, शिधा, सगळं बरोबर. आपण तेच करतोय, फक्त लहान प्रमाणात," असं हे म्हणायचे.

मी बँकेत नोकरी केलेली. ओढ मला कळते, पण कागदावर मांडल्याशिवाय मी पुढे जात नाही. मारुती ईको घेतली तर गाडी सहा लाखांच्या आसपास, पेट्रोलच्या गाडीला अकरा टक्के रस्ता कर, विमा, वर आतली सुतारकी आणि बॅटरी. एवढ्या पैशांत आम्ही कितीतरी वर्षं भाड्याच्या गाडीनं कोकणात जाऊन स्वच्छ घरगुती निवासात राहू शकतो, गरम मोदकांसकट. शिवाय एसटी आहे. बायकांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. व्हॅननं पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वर्षाचे बहुतेक दिवस ती नुसती उभी राहणार, आणि उभ्या गाडीचाही विमा भरावा लागतो, बॅटरी उतरते, टायर कडक होतात.

आणि उभी राहणार कुठे? आम्ही नारायण पेठेत राहतो, मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा खाली दुचाकींपुरती जागा सुटली. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता आणि त्यांना जोडणारे बोळ इथे गाडी लावायला जागा मिळणं हे रोजचं भांडण आहे. गणपतीत तर रस्तेच बंद होतात. केसरीवाड्याचा मानाचा पाचवा गणपती आमच्याच पेठेतला, आणि विसर्जनाची मिरवणूक अलका चौकाकडे सरकत असते तेव्हा आतली गाडी बाहेर काढणं अशक्य. नदीपात्रात लावायची म्हटलं तर खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि पात्रातल्या गाड्या क्रेननं उचलाव्या लागतात. जुलै २०२४ मध्ये पाणी किती झपाट्यानं चढलं ते सगळ्या शहरानं पाहिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरानं ज्या पेठेतले वाडे नेले, तिथल्या माणसानं सहा लाखांची वस्तू नदीत ठेवू नये.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, आणि नियमबाह्य बदल केला तर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे आणि ही मानकं आपल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात, हे मला या वादातच समजलं. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात पत्र्याच्या डब्यात झोपणं म्हणजे घामाघूम रात्र. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सुमारे बाराशेऐंशी वॅट-अवर वीज देते. त्यात पंखा आणि दिवा रात्रभर आरामात चालतात, पण एक टनाचा एसी तासाभरात ती संपवेल. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपण्याचा तर विचारही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसं झोपेतच जातात. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत ईकोला शून्य तारे मिळाले होते. तेव्हा तिच्यात एअरबॅग नव्हत्या, नंतर आल्या; पण तो शून्य माझ्या डोक्यातून गेला नाही.

मधला मार्ग म्हणून मी भाड्याची कॅराव्हॅन सुचवली. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनंही आणलं. पण त्या गाड्या मोठ्या, चढायला उंच पायऱ्या, दिवसाचं भाडं हजारांत, आणि आमच्या बोळाच्या तोंडाशीच त्या अडकणार. तो विषय तिथेच मिटला, आणि वही कपाटात गेली.

मग आईंच्या गुहागरचा प्रश्न आला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर घेऊन घरात हिंडतात. गुहागरचा व्याडेश्वर आमचं कुलदैवत. पूर्वी दरवर्षी जाणाऱ्या आई गेली काही वर्षं "तुम्ही जाऊन या, मला नको" म्हणत होत्या. आम्ही ते थकव्याचं समजलो. वय झालं, प्रवास सोसत नाही, असं सगळेच म्हणतात आणि सगळेच मान डोलावतात.

एकदा साताऱ्याला जवळच्या लग्नाला न्यायचंच ठरलं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या गोळ्यांचा डबा भरताना मला दिसलं की रक्तदाबाची, लघवी जास्त होणारी गोळी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. विचारलं तर आधी बोलेनात. मग म्हणाल्या, "उद्या नको ती. वाटेत कुठे जाऊ मी?" दुपारपासून त्यांनी पाणीही घेतलं नव्हतं. आणि मग हळूहळू कळलं की हे आजचं नाही. प्रवास म्हटला की गोळी नाही, पाणी नाही, आदल्या रात्री जेवण नाही. ऐंशी वर्षांच्या बाईनं, हृदयाचं दुखणं असताना, महामार्गावरच्या स्वच्छतागृहाच्या भीतीनं स्वतःला असं कोरडं ठेवायचं. गुहागर त्यांनी सोडलं होतं ते थकव्यानं नाही, या एका कारणानं.

मी सुन्न झाले, कारण हे मला परकं नव्हतं. नोकरीच्या काळात मीही हेच केलं आहे. माझ्या मैत्रिणींनी केलं आहे. एसटीनं जाणारी, शेतावर, बांधकामावर राबणारी प्रत्येक बाई हे करते आणि त्याबद्दल बोलत नाही. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह विनामूल्य मिळायला हवं असा नियम आहे. कुलपाची किल्ली मागायला जा म्हणजे नियम कुठे संपतो ते कळतं. ढाब्यांवर आता कमोड दिसतात, पण तिथे पोचायला चार पायऱ्या, ओली फरशी, धरायला दांडी नाही, आणि दार इतकं अरुंद की वॉकर आत जात नाही. याच पुण्यात राजीव खेर आणि उल्का सादळकर यांनी २०१६ पासून मोडीत निघालेल्या बसचं रूपांतर करून बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं उभी केली. पालखीच्या वाटेवर आता फिरती शौचालयं असतात. म्हणजे चाकांवर ही सोय करता येते हे आपल्याला ठाऊक आहे. एकट्या वृद्ध बाईला तिच्या देवापर्यंत न्यायला ती सोय कुठे मिळते, एवढंच मला हवं होतं. ती मिळत नाही.

त्या रात्री मी यांची वही कपाटातून काढली आणि सगळं पुन्हा तपासलं. यांनी आरंभ पलंगापासून केला होता, मी कमोडपासून केला. कमोड खुर्ची घडीची मिळते, वैद्यकीय वस्तूंच्या कुठल्याही दुकानात. खाली पिशवी लावायची, आत ओल शोषणारी भुकटी घालायची, काम झालं की गाठ मारायची. ईकोचं मागचं दार वर उघडतं. त्याला चारी बाजूंनी कापड अडकवलं की सपाट जमिनीवर उभं राहता येईल एवढी आडोशाची खोली तयार होते. आत खुर्ची, हाताशी वॉकर, आणि मी शेजारी. पाऊस असला तर डोक्यावर दार आहेच.

मग साधी मोटार का नको, हा प्रश्न मी स्वतःलाच घातला, कारण तंबू तिलाही लावता येतो. याचं उत्तर मापांत आहे. ईको १८२५ मिलिमीटर उंच आहे, लहान मोटारी साधारण दीड मीटरच्या. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला डॉक्टर खोल बसू नका, कमरेत फार वाकू नका असं सांगतात, आणि मोटारीत शिरताना नेमकं तेच करावं लागतं. व्हॅनमध्ये एक पाट ठेवला की बसता येतं. दार सरकतं, त्यामुळे आमच्या बोळात भिंतीला खेटून उभ्या गाडीतही पूर्ण उघडतं. गाडी १४७५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे बोळात येते. सीएनजी घेतला तर टाकी मागची जागा खाते, म्हणून पेट्रोल. वेल्डिंग नाही, आसनं काढायची नाहीत. गाडी उभी केल्यावर जोडायचा आणि एरवी मागे बांधून ठेवायचा फळ्यांचा सुटा पलंग. त्यावर आई दुपारी पाय लांब करून तासभर पडतील, कपडे बदलायचे तर पडदे ओढून बदलतील. धावत्या गाडीत मात्र झोपायचं नाही. पट्टा लावून बसायचं, यावर मी कुणाचंही ऐकणार नाही. शेगडीही नको. थर्मासमध्ये चहा, डब्यात गुळपोळी, पुरे. रात्री घरगुती निवासात राहायचं. तिथे कमोड आणि दांडी आहे का हे आधी फोन करून विचारायचं आणि उत्तरावर विश्वास न ठेवता फोटो मागवायचा.

आईंना मी हे सगळं मोकळेपणानं सांगितलं. लाजल्या, रागावल्याही थोड्या, "माझ्यासाठी एवढा खर्च?" म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी रंग विचारला. पांढरी नको, पडदे पांढरे तर अजिबात नकोत; पेठेत लोक रुग्णवाहिका समजून चौकशीला येतील. निळी ठरली आहे.

पैशांचा हिशेब अजूनही व्हॅनच्या विरोधातच जातो. मी तो आता दुसऱ्या रकान्यात लिहिते. श्रवणयंत्राला, गुडघ्याच्या सांध्याला, वॉकरला आपण किती वर्षांत पैसे फिटतील असं विचारत नाही. व्हॅनचा खर्च मला त्या जातीचा वाटू लागला आहे. मी विरोध करत होते ती दोन सुदृढ माणसांच्या हौसेची गाडी होती. त्या गाडीला मी आजही नाहीच म्हणेन, आणि माझ्या वयाच्या ज्या जोडप्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्या असंच सांगेन. आई एकट्या नाहीत. या पेठेतल्या वरच्या मजल्यांवर, लिफ्ट नसलेल्या घरांत, अशा किती जणी "मला नको, तुम्ही जा" म्हणत बसल्या आहेत. त्यांना एकदा तरी कुणी कारण विचारावं असं मला फार वाटतं.

जागेचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. व्हॅन पेठेत राहणार नाही. कर्वेनगरला माझ्या नणंदेच्या सोसायटीत महिन्याच्या भाड्यानं जागा मिळाली आहे. निघायच्या दिवशी हे पहाटे जाऊन ती आणतील, रस्ता मोकळा असताना आईंना बसवायचं, आणि गणपतीचे दिवस टाळायचे. जिन्याच्या पायऱ्या आहेतच. तिथे शेजारच्या दोन मुलांची मदत लागते आणि ती मुलं उद्या शिकायला बाहेरगावी गेली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. यांना छतावर सौर पॅनेल हवंच आहे, मला ते अनावश्यक वाटतं. दिवसाच्या प्रवासाला बॅटरी घरून भरलेली पुरते. तो वाद चालू आहे.

गुहागर लगेच नाही. दिवाळीनंतर आधी मोरगाव, साठ-पासष्ट किलोमीटर, जाऊन येऊन एक दिवस. गोळी वेळेवर घ्यायची, पाणी नेहमीइतकं प्यायचं, ही परीक्षा गाडीची आहे, आईंची नाही. ते जमलं तर थंडीत उंब्रज-पाटणवरून कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर, वाटेत हवं तितकं थांबत. आणि मोरगावच्या वाटेवरच आईंना ती गाडी, तो आडोसा, ती खुर्ची नकोशी झाली, तर मी आग्रह करणार नाही. ईकोला दूधवाले, भाजीवाले यांच्याकडून मागणी असते. तिला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागणार नाही, हे मी व्हॅन घ्यायच्या आधीच यांच्याशी बोलून ठेवलं आहे.