कुठेही लावा, चालेल!

मासकॉमची डिग्री हातात आली तेव्हा डोळ्यांसमोर माईक होता, कॅमेरा होता, गेलाबाजार स्वतःची बायलाइन तरी होतीच. मिळाली ती पुण्यातल्या एका कंटेंट कंपनीतली नाइट शिफ्ट. काम काय, तर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचे वृत्तांत तपासायचे. तोवर मला या खेळाबद्दल एवढंच ठाऊक होतं की नाव फुटबॉल आणि खेळतात बहुतेक हातानेच! थंडीत तिकडचा दुपारी एकचा सामना म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. सोबतीला मशीनचा पाणचट चहा आणि स्क्रीनवर एकमेकांच्या अंगावर आदळणारे धिप्पाड पुरुष.

हळूहळू मी बॉल सोडून त्या पाच जणांकडे बघायला लागले. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. क्वार्टरबॅकला वाचवायचं, बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची आणि मातीत पडायचं. वृत्तांतात यांचं नाव येणार कधी? चूक झाली, पेनल्टी लागली की!

मला हे जरा जास्तच जवळचं वाटत होतं. कारण ऑफिसात माझी ख्याती ‘हिला कुठेही लावा, चालेल’ अशी. कुणी रजेवर गेलं की त्याच्या खुर्चीत मी. फुटबॉल झाला, फ्लॅटची ब्रोशर्स झाली, एक महिना राशिभविष्यसुद्धा लिहिलं (सिंह राशीवाल्यांनो, सॉरी). वर दर सोमवारी नवा फॉरमॅट, नवी स्ट्रॅटेजी. आणि अप्रेझलला बॉस म्हणाले, ‘‘तू चांगली आहेस गं, पण तुझं स्पेशलायझेशन काय?’’ त्या वर्षी इन्क्रिमेंट शून्य. घरी आईला सांगितलंच नाही.

त्याच आठवड्यात एका जुन्या खेळाडूवरची कॉपी माझ्याकडे आली. फॉरेस्ट ग्रेग, ग्रीन बे पॅकर्सचा टॅकल. १९६१ मध्ये जेरी क्रेमर हा गार्ड जखमी झाला आणि ग्रेगला त्याच्या जागी सरकवलं. पॅकर्सनी त्या मोसमाची फायनल न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध ३७-० अशी जिंकली. जागा बदलणं ऐकायला सोपं वाटतं. पण टॅकलला कडेने धावत येणारा चपळ माणूस अडवायचा असतो, तर गार्डसमोर हातभर अंतरावर अवजड धूड उभं असतं. डावी-उजवी बाजू बदलली तर पुढचं पाऊलसुद्धा उलटं. उद्यापासून डाव्या हाताने वरणभात कालवा, तोही घाईत, असं कुणी सांगितलं तर?

मग ग्रेगला ते जमलं कसं? उत्तर त्याच्या कोचकडे होतं. १९५९ मध्ये आलेल्या व्हिन्स लोम्बार्डींचा फंडा सोपा होता : डाव मोजके, पण घोटून घोटून पक्के. त्यांचा लाडका डाव पॉवर स्वीप. दोन्ही गार्ड आपली जागा सोडून कडेला धावणार, पुढे वाट साफ करणार आणि मागून बॉल घेऊन येणारा दिसेल त्या फटीतून निसटणार. समोरच्यांनाही तो येणार हे माहीत असायचं! नंतर स्वतः मोठे कोच झालेले जॉन मॅडन सांगायचे, की लोम्बार्डी एकदा या एकाच डावावर आठ तास बोलले होते.

हे वाचताना रात्री तीन वाजता माझी ट्यूब पेटली. तिथे माणूस हलायचा तेव्हा डाव जागेवर असायचा. आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी हलत होते.

३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे. उणे २५ अंश सेल्सियस. डॅलसविरुद्धच्या फायनलला १६ सेकंद उरलेले, पॅकर्स तीन गुणांनी मागे, रेषा दोन-तीन फुटांवर. असा क्षण आमच्या ऑफिसात आला असता तर आधी पीपीटी झालं असतं! पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी उघडलेल्या फटीतून स्वतःच आत घुसला. २१-१७. बास.

मला वाटलं, सापडलं उत्तर. पण १० फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडच्या पहाटे पाचला सुपर बोल लावली. तोवर मी नोकरी सोडून फ्रीलान्स करत होते, म्हणजे हे जागरण फुकटचं. कॅन्सस सिटीने जो थूनी हा आपला अव्वल गार्ड मोसमाच्या उत्तरार्धात डावा टॅकल केला होता, कारण ती जागा कुणालाच झेपत नव्हती. त्यामुळे गार्डवर दुसरा आला, म्हणजे एकाऐवजी दोन जागा कच्च्या. फिलाडेल्फियाने पॅट्रिक महोम्सला सहा वेळा बॉलसकट आडवा केला. ४०-२२. थूनी वाईट खेळाडू नाहीच हो! तो त्याच्या जागेवर नव्हता, एवढंच. उजाडेपर्यंत टीव्हीसमोर बसून मला उगाचच त्याचा राग येत होता. नाही कशाला म्हणाला नाहीस रे?

गेल्या महिन्यात जुन्या बॉसचा फोन. आवाजात साखर. ‘‘दोघं सोडून गेलेत. महिनाभर येतेस? तुला काय, कुठेही चालतं.’’

‘‘सर, कुठे ते नक्की सांगा,’’ मी म्हटलं. ‘‘आणि महिनाभर फॉरमॅट बदलणार नाही, हे मेलवर लिहून द्या.’’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मेल अजून आलेला नाही.