नाशिकचा दस्तरखान

नाशिकला पाहुणे बारा महिने येतात. कोणी मुलीच्या प्रवेशासाठी, कोणी लग्नाला, कोणी दवाखान्याच्या कामाने, तर कोणी मुंबईहून खुलताबादला जाताना वाटेत एक मुक्काम करतो. सलाम-दुआ झाली की थोड्या वेळाने प्रश्न येतोच, "इथे खायला चांगले कुठे मिळते?" या प्रश्नाची नाशकात दोन उत्तरे आहेत. मोहल्ल्यातला माणूस म्हणतो, "दूधबाजारात जा." कचेरीतला सहकारी म्हणतो, "मिसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नका." दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत. पाहुण्याला अर्ध्याच शहराची चव दाखवून निरोप द्यायची सवय आम्हा नाशिककरांना लागली आहे. म्हणून या लेखात दोन्ही अर्धी एकाच दिवसात कशी खावीत, ते सांगतो.

सुरुवात सकाळी करावी, कारण मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. गोदावरीला इथले लोक 'गंगा' म्हणतात. तिच्या पलीकडे पंचवटी, अलीकडे रविवार कारंजा, मेन रोड आणि जुने नाशिक. पंचवटी कारंजाजवळ 'अंबिका', कॉलेज रोडला 'तुषार', सातपूरला 'शामसुंदर', गंगापूर रोडच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीसाठी 'साधना' ही नावे कोणताही रिक्षावाला सांगेल. मखमलाबादकडे तर आता द्राक्षाच्या मळ्यात बसून मिसळ खायची सोय झाली आहे. कोणती सर्वांत चांगली, या वादात आम्ही पडत नाही. त्या वादात घरातल्या घरात दोन पक्ष होतात.

पाहुण्यांना एवढेच सांगावे की मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, बाजूला कांदा, लिंबू, पापड, दही आणि पाव असे ताट येईल. रस्सा वेगळ्या वाटीत येतो. तो आधी थोडाच घ्यावा, तिखटाचा अंदाज आल्यावर वाढवावा. लहान मुलांसाठी दही आहेच.

या रश्श्याचा वास आपल्या घरातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे आणि काळा मसाला हेच वाटण नाशिक-खान्देशच्या मुस्लिम घरांत मटणाच्या रश्श्याला लागते. ताटात मटकी असो की मटण, पाट्यावरचा मसाला एकच. आणि त्यातली मिरची तरी मूळची कुठली? ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. पावही त्यांच्याचकडून आला, शब्दासकट. टोमॅटो आणि बटाटा हेही त्याच खंडातले. टोमॅटोशिवाय इटलीच्या स्वयंपाकाची आज कल्पना करवत नाही, पण पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या चुलीला तो ठाऊक नव्हता. 'हे आमचे, ते तुमचे' असे म्हणत ताटातले पदार्थ वेगळे करायला बसले, तर कोणाच्याच ताटात फारसे उरणार नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला याचा रोज अनुभव येतो. 'मिसळ' हा शब्द मिसळण्यातून आला आणि उर्दूतल्या 'मिसाल'चा अर्थ उदाहरण. दोन्हींचे मूळ वेगळे, पण मुलांना ही जोडी लगेच आवडते. जिलेबीचे तसे नाही. तिचे मूळ अरबी 'जलाबिया', फारसी 'जुल्बिया' यांत आहे. 'हलवा' अरबी, 'बर्फी'तला बर्फ फारसी, गुलाबजामचा 'गुलाब'ही फारसी. मिसळीनंतर जुन्या नाशकात बुधा हलवाईची किंवा भगवंतराव यांच्याकडची गरम जिलेबी घ्यावी. ती अरबस्तान, इराण, हिंदुस्थान अशा लांबच्या प्रवासाने इथवर आली आहे आणि आता पक्की नाशिककर झाली आहे.

त्याच भागात 'सायंतारा'चा साबुदाणा वडा आहे. हा उपवासाचा पदार्थ, पण रांगेत सगळेच असतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, आणि आज साबुदाणा तयार होतो तो मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या परिसरात. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ असा हा वडा तिथेच उभे राहून खावा. घरी न्यायला कोंडाजी चिवडा घ्यावा. प्रवासात तो टिकतो आणि मसालेदार असल्याने दोन दिवसांत संपतोही.

बुधवार असेल तर गंगाघाटावरचा आठवडे बाजार पाहावा. हिवाळ्यात पेरू आणि ज्वारीचा हुरडा, जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत द्राक्षे. मुघल काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. बागा आणि मळ्यांचे गाव ही ओळख मात्र दोन्ही नावांना शोभते.

दुपारी विश्रांती घ्यावी आणि असरच्या नमाजनंतर जुन्या नाशकात शिरावे. भद्रकाली, दूधबाजार, चौक मंडई आणि बडी दर्गा हा सगळा परिसर एकमेकांना लागून आहे. सकाळी जिथे जिलेबी खाल्ली तिथून पायी येता येते. मगरिबनंतर इथे सिगड्या पेटतात. निखाऱ्यावरचे सीख कबाब, तव्यावरचा खिमा, तंदुरी रोटी, बिर्याणी, पाया, थंडीत निहारी. सीख कबाब सिगडीवरून उतरल्यावर लगेच, कांदा-लिंबाबरोबर खावा. पंधरा मिनिटांनी त्याची निम्मी चव जाते.

रमजानमध्ये या गल्ल्यांचे रूप बदलते. इफ्तारच्या आधी खजूर, फळे आणि भजी, तरावीहनंतर मालपुवा, फिरनी, सहरीसाठी खजला आणि फेनी. इतर समाजातले अनेक नाशिककरही या दिवसांत मुद्दाम इकडे येतात. त्यांचे स्वागत करावे आणि कोणता पदार्थ कसा खायचा ते सांगावे. सकाळी मिसळीच्या दुकानात रस्सा किती घ्यावा हे आपल्याला कोणीतरी सांगितलेलेच असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. मिसळीच्या दुकानात सगळे कुटुंब बसते. आजी, सून, नात एका टेबलाला. कबाबच्या हॉटेलात मात्र बहुतेक वेळा पुरुष बसतात आणि बायकांसाठी पार्सल बांधले जाते. आम्ही पाहुण्या बायकांना घेऊन गेलो, तेव्हा एका ठिकाणी "फॅमिलीसाठी जागा नाही, घरी पाठवून देतो" असे अदबीने सांगण्यात आले. अदब होती, पण जागा नव्हती. आपल्या शहरातल्या उत्तम कबाबची चव आपल्या मुलींनी नेहमी चांदीच्या कागदातून, थंड झाल्यावरच घ्यायची काय? पडदा पाळूनही बसता येते. चार टेबले, एक आडोसा, स्वच्छ मोरी आणि हात धुवायला साबण एवढ्याने काम होते. काही मालकांनी अशी सोय केली आहे. आपण कुटुंबासह तिथेच जावे, म्हणजे बाकीच्यांनाही ती करावीशी वाटेल.

दुसरी गोष्ट आपल्या मनातली. काही घरांत 'बाहेरचे' म्हटले की शंका येते. हलालचा विचार आपण केलाच पाहिजे आणि मांसाच्या बाबतीत विचारून खाण्यात संकोच नको. पण मटकी, साबुदाणा, चिवडा, जिलेबी यांत मांसाचा प्रश्नच येत नाही. शंका वाटली तर तेल-तुपाविषयी सरळ विचारावे, दुकानदार सांगतो. शिवाय सूरह बकरहच्या 168व्या आयतीत हलालबरोबर 'तय्यब' हा शब्दही आहे. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. पुन्हा पुन्हा उकळलेल्या काळ्या तेलातले भजे आपल्या गल्लीतले असले म्हणून तय्यब ठरत नाही. ताटात अर्धे टाकून उठणेही दस्तरखानच्या अदबीत बसत नाही.

चौदाव्या शतकात तांजियरचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून नंदुरबारमार्गे गेला. तिथल्या मराठ्यांचे जेवण भात, भाज्या आणि तिळाच्या तेलाचे असते, याची आणि जेवणापूर्वीच्या त्यांच्या स्वच्छतेचीही त्याने नोंद केली. परक्या मुलखातला माणूस काय खातो, हे त्याला लिहून ठेवण्यासारखे वाटले. आपण तर शेजारी आहोत.

अलीकडे कोणी कोणाकडून काय घ्यावे, यावर बोलणारे वाढले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा नाशिकच्या बेकऱ्यांकडे पाहावे. ईदच्या आधी आपल्या घरातून मैदा, तूप, साखर घेऊन बायका बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. दिवाळीच्या आधीही त्याच बेकरीपुढे डबे घेतलेल्या बायकांची रांग लागते. भट्टी तीच, पत्रे तेच, भाजणारा कारागीरही तोच. डब्यावर नाव लिहिलेले नसेल तर कोणती नानकटाई कोणाची, हे सांगता येणार नाही.

2027 मध्ये नाशकात सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वणीच्या दिवशी गावात शिरणे अवघड असते, म्हणून निवांत फिरायचे असेल तर ते दिवस सोडून यावे. थंडीचे दिवस सर्वांत चांगले. सकाळ नदीकाठी काढावी, संध्याकाळ जुन्या नाशकात, आणि मधल्या वाटेवर मुलांना दोन्हीकडच्या दुकानांची नावे वाचायला सांगावीत. कुटुंबातले सगळे एका टेबलाला बसावेत, बिस्मिल्लाह म्हणून गरम गरम खावे, बिल देताना दुकानदाराला "चव छान होती" एवढे जरूर सांगावे.