वाळूच्या टेकड्यांतील कायोटी

अमेरिकेचा प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती, नायगाराचा धबधबा आणि कॅलिफोर्नियाचा सागरकिनारा एवढीच चित्रे उभी राहतात. त्या खंडप्राय देशाच्या मध्यभागी असलेल्या नेब्रास्का राज्याकडे हौशी प्रवासी सहसा वळत नाही; मग तेथील ‘सँडहिल्स’ म्हणजे वाळूच्या टेकड्यांचे नाव आपल्याकडे कोठून ऐकू येणार? तथापि गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांचा एवढा विस्तीर्ण प्रदेश पश्चिम गोलार्धात दुसरा नाही. सुमारे 50,000 चौरस किलोमीटरपर्यंत, खवळलेल्या समुद्राच्या लाटा जागच्या जागी थिजाव्यात त्याप्रमाणे, एकामागून एक टेकडी पसरलेली आहे. येथील चेरी नावाचा एकच परगणा कनेक्टिकट या राज्याहून मोठा. पण त्यातील मनुष्यवस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. या भागात माणसांपेक्षा गुरेच अधिक, आणि गुरांच्या अफाट कुरणांना तिकडे ‘रँच’ म्हणतात.

या मुलखाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर ते हिवाळ्यात. पारा कधी कधी शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तळी गोठतात आणि दृष्टी पोहोचेल तेथवर शुभ्र हिमाचे साम्राज्य पसरते. अशा निःशब्द पहाटे जो आर्त, चढत जाणारा स्वर कानी पडतो, तो कायोटीचा.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. मात्र त्याच्याहून काहीसा थोराड आणि लांडग्याहून लहान. वजन साधारण दहा-पंधरा किलो, अंगावर करडी-पिवळसर लव, शेपटी झुबकेदार. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. शास्त्रीय वर्णन मात्र याच नेब्रास्काच्या पूर्व सीमेवर झाले. 1819-20 च्या हिवाळ्यात मेजर लाँग यांची संशोधक तुकडी मिसुरी नदीकाठी मुक्कामास होती. तिच्यातील चित्रकार टिशियन पील यांनी हा प्राणी धरण्यासाठी आमिष लावून सापळा मांडला, तर या बहाद्दराने जमिनीखालून वाट खणून आमिष लांबविले! पुढे अनेक युक्त्यांनंतर एक सापडला, आणि टॉमस से यांनी 1823 मध्ये त्यास ‘लाट्रान्स’ म्हणजे ‘भुंकणारा’ हे लॅटिन नाव दिले. या प्राण्याचे दोन मुख्य गुण म्हणजे चातुर्य आणि वाणी; त्याच्या शिकारीची सारी विद्या या दोहोंवरच उभारलेली आहे.

ही शिकार हिवाळ्यातच का, याची कारणे उघड आहेत. थंडीत त्याची लव दाट होते, त्यामुळे कातड्यास किंमत येते. बर्फामुळे उंदीर-ससे दुर्मिळ होऊन तो भुकेला असतो. शिवाय हिवाळा सरता सरता रँचवरील गाई विऊ लागतात, आणि नुकतेच जन्मलेले अशक्त वासरू त्याच्या तडाख्यात सापडण्याचा धोका असतो.

आमचे यजमान अशाच एका रँचचे मालक. वादळ शमल्याच्या दुसऱ्या पहाटे ते आम्हांस बरोबर घेऊन निघाले. वाहन टेकडीच्या आडच थांबविले, दारही आपटू दिले नाही. पुढे पायी चालताना त्यांनी टेकडीचा माथा कटाक्षाने टाळला. कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर मनुष्याची आकृती मैलभरावरूनही दिसते. अंगावर पांढरे डगले, सूर्य पाठीशी, मागे एक झुडूप अशी बैठक त्यांनी निवडली. सर्वांत अधिक विचार त्यांनी वाऱ्याचा केला. कायोटी हाकेला ओ देतो, पण सरळ येत नाही. वळसा घालून, वास घेता येईल अशा बाजूने येतो. म्हणून वारा डावीकडून उजवीकडे जाईल असे आम्ही बसलो, आणि उजव्या हातास मोकळे मैदान ठेवले. म्हणजे वास लागण्यापूर्वी तो नजरेस पडावा.

मग त्यांनी खिशातून लहानशी पिपाणी काढली. जखमी सशाचा केविलवाणा आक्रोश तिच्यातून निघतो. प्रथम अगदी हळू, कारण जनावर जवळच असले तर मोठ्या आवाजाने बिचकते, नंतर जोराने, मग काही मिनिटे संपूर्ण शांतता. पंधरा-वीस मिनिटांत कोणी न आल्यास जागा बदलावी, हा रिवाज. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांच्या मीलनाचा काळ. त्या दिवसांत सशापेक्षा कायोटीचीच लांब आरोळी काढली तर अधिक उपयोग होतो, असे त्यांनी कुजबुजत सांगितले.

बाराव्या मिनिटाला समोरच्या टेकडीच्या कडेवर तो दिसला. क्षणभर थांबला, मान तिरपी करून ऐकू लागला. यजमानांनी बंदूक उचलली आणि तशीच खाली ठेवली. कडेपलीकडे काय आहे ते दिसत नव्हते. तिकडेच गुरे होती, आणि गोठलेल्या जमिनीवरून गोळी उसळून कोठे जाईल याचा नेम नसतो. तेवढ्यात वारा किंचित फिरला आणि कायोटी नाहीसा झाला.

“आता हा या पिपाणीने पुन्हा फसायचा नाही,” यजमान म्हणाले. आम्ही विचारले, “मग हानी झाली म्हणावयाची?” त्यावर ते हसून म्हणाले, “छे! वासरांना न छेडणारी जोडी असेल तर ती येथे राहिलेलीच बरी. ती दुसऱ्यांना आपल्या हद्दीत येऊ देत नाही.”

या उत्तरातील शहाणपण त्या देशास मोठ्या किमतीने उमगत आहे. 1931 च्या कायद्याने सरकारने अशा श्वापदांच्या नाशाचा विडा उचलला. वर्षानुवर्षे विष पेरले गेले, आणि त्यात इतर जनावरेही मेली. अध्यक्ष निक्सन यांनी 1972 मध्ये सरकारी जमिनींवर या विषप्रयोगास आज्ञापत्राने बंदी केली. ते आज्ञापत्र 1982 मध्ये रेगन यांनी रद्द केले. इतके होऊनही कायोटी काही हटला नाही. लांडग्यांचा उच्छेद झाल्याने मोकळा झालेला मुलूख त्याने व्यापला, आणि पूर्वी मुख्यतः पश्चिमेच्या माळरानांवर वावरणारा हा प्राणी आज अलास्कापासून पनामापर्यंत पसरला आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातही तो दिसला आहे. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न भरपूर मिळते, अधिक माद्या वितात आणि पिल्लेही अधिक जगतात. दरवर्षी शेकडा 75 कायोटी मारले तरी ते नामशेष व्हावयास पन्नासांहून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब कॅलिफोर्नियातील दोन अभ्यासकांनी 1975 मध्ये मांडला होता. सरसकट संहाराने जे साधत नाही, ते कोणते जनावर उपद्रवी आणि कोणते निरुपद्रवी हे ओळखणाऱ्या रँचवाल्याला थोडेबहुत साधते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीस जागा उरली नाही, आणि ते इष्टच झाले. परंतु या विद्येचा पूर्वार्ध घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपल्या माळरानांवरही तिन्हीसांजेला कोल्हेकुई उठते. ती अशुभ मानून दार लावून घेण्याऐवजी घरातील मुलांना घेऊन घटकाभर अंगणात बसावे, वारा कोठून येतो ते पाहावे, किती जण ओरडत आहेत आणि कोणत्या दिशेने त्यांना उत्तर मिळते ते ऐकावे. शेजारी कोण राहतो हे ठाऊक असलेला मनुष्य त्याच्याशी वैर करण्यापूर्वी दोनदा विचार करतो.