पोराचे यंत्र आणि जळके ड्रायव्हर

"ड्रायव्हर गेला" असे आमच्या थोरल्याने पहिल्यांदा सांगितले, तेव्हा त्याची आई पिठाच्या हातानेच बाहेर आली. "कुठल्या गाडीचा रे? लागलं का फार?" तिला वाटले, उसाचा ट्रॅक्टरच उलटला.

हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक डबी. आमचा थोरला कोल्हापुरात पॅटर्नच्या दुकानात कामाला होता. फौंड्रीत वाळूचा साचा करायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो पॅटर्न. उद्यमनगर, शिरोली या भागात फौंड्र्यांना तोटा नाही. म्हणून त्याने गोठ्याशेजारच्या खोलीत स्वतःच सीएनसी यंत्र बांधले. संगणकात आकृती घातली की ते तसे लाकूड कोरते. आपली पंपाची मोटार सुरू केली की फिरतच राहते. या यंत्राच्या स्टेपर मोटारी पावले मोजून फिरतात. दर पावलाला १.८ अंश, २०० पावलांत एक फेरा. कुठल्या गुंडाळीत केव्हा वीज सोडायची, ते काम ड्रायव्हरचे.

तर एकाच मोटारीचा ड्रायव्हर तीन आठवड्यांत तीनदा जळाला. दुधाच्या बिलातले पैसे त्यात जात होते. मी म्हणालो, "हलका माल आणलास, दुसरं काय!" दुकानदारालाही फोनवर चार शब्द ऐकवले. तिसरा जळाला त्या रात्री पोरगा जेवला नाही. "विकून टाकतो आबा," एवढेच म्हणाला.

मला झोप लागेना. पडल्या पडल्या पंचगंगेवरची माझी मोटार आठवली. एका हंगामात ती दोनदा जळाली होती. पहिल्यांदा वाइंडिंग भरून आणले, बसवली, पुन्हा जळाली. मग एका म्हाताऱ्या वायरमनने मोटारीला हातही न लावता फ्यूज उपसून दाखवला. पकड ढिली होऊन काळी पडली होती. एक फेज येत-जात होता आणि मोटार दोन फेजवर ओढ घेऊन तापत होती. हे तुम्हीही भोगले असेल.

सकाळी म्हटले, "चौथा ड्रायव्हर बसवायचा न्हाई. आधी कशानं जळतोय ते बघू."

करंट मोटारीच्या पाटीप्रमाणे लावला होता. पंखा चालू, डबीत भुसा नाही. मग वीज बंद करून मोटारीच्या चारही वायरी ड्रायव्हरमधून सोडल्या आणि मीटर लावला. दोन्ही गुंडाळ्या दीड ओहमच्या आसपास. मोटार शाबूत. पोरगा निराश झाला. मी विचारले, "ही वायर मोटारीसंगं मागं-पुढं वाकती नव्हं? मीटर तसाच धर, मी सरकवतो."

हळूहळू ढकलत नेले. निम्म्यावर आलो आणि मीटर एकदम उघड्या तारेसारखा दाखवू लागला. दोन बोटे पुढे नेले, पुन्हा ठीक. मागे आणले, पुन्हा तुटले. सारखे वाकून आतले तांबे तुटले होते. वरचे प्लॅस्टिक मात्र अखंड!

चालत्या गुंडाळीतली वीज अशी अचानक तोडली की ती मुकाट्याने थांबत नाही. तिचा दाब एकदम चढतो. मॅग्नेटोवर चालणाऱ्या फवारणी पंपाच्या प्लगची ठिणगी याच युक्तीने पडते. इथे तो दाब ड्रायव्हरच्या अंगावर येत होता. म्हणून वीज चालू असताना मोटारीची वायर कधी काढू नये. आणि वायरी जोडलेल्या असताना यंत्र हाताने जोरात ढकलू नये, मोटार डायनामो होऊन उलटी वीज देते. (खोली झाडताना मी रोज तेच करीत होतो, हे मला तेव्हा कळले. पोराने नुसते बघितले.)

बारीक तारांची, वाकणे सोसणारी केबल आणली. ती प्लॅस्टिकच्या साखळीतून नेली. टोकांना लग दाबून पेचात घट्ट केल्या. मगच चौथा ड्रायव्हर बसवला. पहिला पॅटर्न पुरा व्हायला सहा तास लागले, तोवर आम्ही दोघे दारातच बसून होतो.

पुढच्या बाजारी मी त्या दुकानदाराकडे गेलो आणि झाले ते सगळे सांगितले. तो हसला, चहा सांगितला आणि म्हणाला, "आबा, वायरीचा तो तुकडा मला आणून द्या. रोज एकजण तरी भांडायला येतो."