एक रुपया किमतीचा संगणक

बँकेच्या हिशेबात संगणकाचे आयुष्य तीन वर्षांचे असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यावर दरवर्षी ३३.३३ टक्के घसारा काढला जातो. तिसऱ्या वर्षाअखेर पुस्तकी किंमत संपते आणि वस्तू जागेवर आहे एवढी खूण म्हणून मालमत्ता नोंदवहीत एक रुपया शिल्लक ठेवला जातो. नोकरीच्या काळात अशा एक रुपयाच्या कितीतरी यंत्रांची प्रत्यक्ष पडताळणी मी केली आहे. नोंदवहीत रुपया, आणि समोर तेच यंत्र सकाळपासून निमूटपणे खातेदारांचे व्यवहार नोंदवीत असे. आपल्या व्यापारी पेढ्यांत आयकरासाठी ४० टक्के घसारा घटत्या शिलकेवर काढतात. ५०,००० रुपयांचा संगणक पाच वर्षांनी ३,८८८ रुपयांवर येतो. पण घसारा म्हणजे खर्चाची वर्षांवर केलेली वाटणी. यंत्राची ताकद किती उरली याचे ते मोजमाप नव्हे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकलेली ही गोष्ट संगणक विकत घेताना मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

वास्तविक प्रोसेसरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. झिजतो तो पंखा, झिजते ती हार्ड डिस्क, कधी फुगतो तो बोर्डावरचा कपॅसिटर. दहा वर्षांपूर्वी ज्या वेगाने प्रोसेसर बेरीज करीत होता, त्याच वेगाने तो आजही करतो. बदलतात त्या आपल्या अपेक्षा आणि त्याच्यावर लादलेल्या सॉफ्टवेअरचे ओझे.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात दिवाळीच्या तोंडावर आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. धनत्रयोदशीला चारच दिवस उरले होते. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. भवानी पेठेत पुतण्याची घाऊक मालाची पेढी आहे. तेथील तिन्ही संगणक चौथ्या ते सहाव्या पिढीचे. संगणकवाल्याने तिन्ही बदलण्याचे एक लाख पस्तीस हजारांचे कोटेशन दिले. पुतण्या म्हणाला, “काका, वहीपूजनाला नवेच यंत्र मांडू, जुनी भंगारात देऊन टाकू. तुम्ही एकदा आकडे बघून घ्या.”

आकडे मी पाहिले. परंतु आणखी एक हिशेब त्याच्यापुढे ठेवला. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार एक टेबलावरचा संगणक आणि त्याचा १७ इंची पडदा तयार करताना सुमारे २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी खर्च होते. आता यंत्रे बदलली, पडदे पातळ झाले, आकडेही बदलले असतील; पण संगणक आपल्या दारात येण्यापूर्वीच फार मोठा खर्च होऊन गेलेला असतो, हे बदललेले नाही. आपल्याकडे पाणी गाळून पिण्याचा संस्कार आहे. अप्काय जीवांची जयणा म्हणून वापराच्या पाण्याचेही आपण मोजमाप ठेवतो. ज्या यंत्राच्या घडणीत दीड हजार किलो पाणी गेले, ते चालू स्थितीत असताना टाकून देणे याला श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड हा नेमका शब्द आहे: प्रयोजन नसताना केलेली हिंसा. भंगारात दिल्यावर पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि सर्किट बोर्डातील धातू आम्लात बुडवून काढले जातात, याची वर्णने वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आली आहेत. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे आणि विषवाणिज्यही आहे. आपण ते स्वतः करीत नाही, एवढेच.

पुतण्या धंद्याचा माणूस. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग या तीन यंत्रांचे करायचे काय, ते सांगा.” प्रश्न रास्त होता. नुसते जपून ठेवणे हा उपाय नव्हे. तो तर परिग्रहच झाला. यंत्राला त्याच्या कुवतीचे काम नेमून द्यावे लागते.

हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, डिजिटल सही आणि बँकेचे व्यवहार यांसाठी एक नवा संगणक घ्यावा, असे मीच सुचवले. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस म्हणून येथे मी तडजोड करीत नाही. ज्या यंत्राला सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही, त्यावरून पैशांचे व्यवहार करू नयेत. शिवाय टॅली हे विंडोजसाठीच केलेले आहे. तेव्हा एक खर्च अटळ होता. उरलेले दोन खर्च मात्र वाचले.

पहिल्या जुन्या संगणकावर पेढीचे मागील वर्षांचे हिशेब होते. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रे जपावी लागतात. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे. त्या यंत्राची इंटरनेटची जोडणी काढून टाकली, हिशेबांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि ते यंत्र जुन्या वह्यांचे कपाट म्हणून कोपऱ्यात लावले. गाठोडी सोडून वह्या शोधण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत. दुसऱ्यावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घातली. ई-मेल, बाजारभाव, वाहतूकदारांशी पत्रव्यवहार, ही सारी कामे त्यावर होतात आणि सुरक्षा-दुरुस्तीही नियमित मिळते. तिसरा गोदामात मालाच्या आवक-जावकीच्या तक्त्यासाठी गेला. दोन्हींतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. प्रत्येकी दोन-अडीच हजारांत काम झाले. जुन्या यंत्राच्या मंदपणाचे खापर लोक प्रोसेसरवर फोडतात. खरा आळशी बहुधा डिस्क असतो.

गोदामाच्या माळ्यावर आणखी दोन यंत्रे निघाली. एक कोअर टू ड्युओ, म्हणजे २००६ मध्ये आलेल्या मालिकेतले. दुसरे त्याहून जुने पेन्टियम फोर. पहिल्यासाठी मेमरी हवी होती. ती आता नव्या दुकानांत मिळत नाही. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी अशा वस्तू पाहायला मिळतात. तेथे दोन फेऱ्यांत ती मिळाली. (घासाघीस करण्याचा आनंद वेगळा.) चार जीबी मेमरी आणि लिनक्स घातलेला तो संगणक आज आमच्या स्थानकाच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकांची सूची त्यावर देवनागरीत भरली जाते. रविवारच्या पाठशाळेतील मुले इनस्क्रिप्ट कळफलकावर नवकार मंत्र टंकित करायला शिकतात. चौथीतल्या एका मुलीने मला जोडाक्षरे माझ्यापेक्षा भरभर करून दाखवली.

येथे पुणेकर म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचा प्रबळ महासंगणक देण्यास नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून काम त्यांच्यात वाटून दिलेले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत. त्याच सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे तेव्हाच्या साध्या डॉस संगणकांवर देवनागरी अक्षरे उमटू लागली. त्यासाठी संगणक बदलावा लागत नसे, एक कार्ड आत खोचले की झाले. अवकाशातही हीच रीत दिसते. हबल दुर्बिणीचा संगणक डिसेंबर १९९९ मध्ये बदलला तेव्हा त्यात ४८६ प्रोसेसर बसवला गेला. तोपर्यंत बाजारात पेन्टियम थ्री आला होता. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्सचा मुख्य प्रोसेसर १९९० च्या दशकातील पॉवरपीसी घराण्याचा आहे. तेथे वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा असतो.

एवढे असले तरी जुने ते सारे राखावे, असे माझे मत नाही. माळ्यावरच्या पेन्टियम फोरचे उदाहरण घ्या. पुतण्याच्या मुलाला त्यावर दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण साठवायचे होते, म्हणजे तो दिवसरात्र चालू ठेवावा लागणार. असे यंत्र सहज १०० वॅट वीज घेते. दिवसाला २.४ युनिट, वर्षाला ८७६. दुकानाचा दर युनिटला दहा रुपये धरला तर ८,७६० रुपये झाले. फुकटचा संगणक असा महाग पडतो, आणि जळलेल्या कोळशाचा हिशेब वेगळाच. याउलट रास्पबेरी पाय हे तळहाताएवढे यंत्र पाच वॅटमध्ये चालते, म्हणजे वर्षाला सुमारे ४४० रुपये. गंमत अशी की २०१२ मध्ये ते ३५ डॉलरला बाजारात आले, तेव्हा त्यातील एआरएम ११ हा प्रोसेसरचा गाभा कधीच मागे पडलेला होता. म्हणूनच तर ते इतके स्वस्त देता आले. तेव्हा चोवीस तासांच्या कामाला कमी विजेचे छोटे यंत्र आणि तास-दोन तासांच्या कामाला जुना संगणक, अशी विभागणी मला योग्य वाटते.

ज्यांच्या घरी नेमून द्यायला काम नाही, त्यांनी चालू स्थितीतील संगणक तरी वेळेत द्यावा. दहा वर्षे माळ्यावर ठेवून मग देण्यात घेणाऱ्याचा काही लाभ नाही. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन ही संस्था ई-कचरा संकलनाची मोहीम चालवते आणि दुरुस्त होणारे संगणक शाळांना देते. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्थाही ई-कचरा स्वीकारते. मात्र देण्यापूर्वी डिस्क स्वतः काढून घ्यावी किंवा जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्यावी. नुसते ‘डिलीट’ केल्याने मजकूर जात नाही. आपल्या पेढ्यांच्या संगणकात केवळ आपलेच नव्हे, ग्राहकांचे आणि नोकरांचे पॅन, आधार आणि खाते क्रमांक असतात, आणि ती आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे.

पेन्टियम फोर आम्ही उघडला. पंखा आणि वीजपुरवठ्याचा डबा सुस्थितीत होता, तो गोदामातील संगणकासाठी राखून ठेवला. डिस्क काढली. उरलेला सांगाडा आणि बोर्ड नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे दिला आणि पावती घेतली. पुतण्याने ती खर्चाच्या फाइलला लावली आणि मालमत्ता नोंदवहीतील त्या यंत्राच्या एक रुपयासमोर लाल शाईने तारीख घातली.