संमतीचा अंगठा

जुलै २०२५ मध्ये दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना अटक झाली आणि २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. त्यांच्यासोबत निघालेल्या तरुणींना घरच्यांची संमती होती का, हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा होता. प्रकरण न्यायालयाचे असल्याने त्यावर भाष्य करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ती बातमी वाचताना दुर्गला लागूनच असलेल्या भिलाईतील एक नोंदवही मला आठवली. ती ठेवण्याचे काम माझ्याकडे होते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, केंद्रीय सेवेत असताना, माझा मुक्काम भिलाईत होता. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याबरोबर केरळी, तेलुगू, बंगाली, मराठी अशी माणसे आली आणि येथील सेक्टरांत एकमेकांचे शेजारी झाली. आमच्या शेजारच्या मल्याळी परिचारिकाबाई त्यांच्या चर्चचे मुलांचे उन्हाळी शिबिर दरवर्षी मे महिन्यात चालवीत. सकाळी गाणी, बायबलमधील गोष्टी, हस्तकला, खेळ आणि दुपारी डाळभात असा कार्यक्रम असे. "सर, तुम्ही फक्त हजेरी आणि पाणी बघा," असे त्या एकदा म्हणाल्या. सवयीप्रमाणे मी १९६४ ची आचरण नियमावली उघडली. सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम पूर्वपरवानगीवाचून करण्याची मुभा नियम १५ मध्ये आहे. हजेरी आणि पाणी त्यात बसते असे माझे मत झाले आणि मी होकार दिला.

पालकाच्या सहीचा अर्ज असल्याखेरीज कोणालाही प्रवेश द्यायचा नाही, अशी अट मी पहिल्याच बैठकीत घातली. त्यामागे कायदा होता. राज्यात तेव्हा १९६८ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा लागू होता आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत त्यातील शिक्षा अधिक कडक होती. शिबिरात धर्मांतराचा प्रश्न नव्हता. पण येणारी निम्मी मुले ख्रिस्ती नव्हती आणि ती काय ऐकणार आहेत, हे घरच्यांना ठाऊक असणे मला आवश्यक वाटले.

दुसरे कारण मराठी माणसालाच सुचावे असे होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना, याच लोहमार्गावर, एका गोऱ्या सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. पण घरच्यांना विश्वासात न घेता झालेल्या निर्णयाचा घाव किती खोल असतो, ते त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी बारा वर्षांचा एक मुलगा बिनसहीचा अर्ज घेऊन आला. "सही घेऊन ये, मग बस," असे सांगून मी त्याला परत पाठविले. वाटेत एक माणूस विनासायास अर्ज तपासतो तसे ते झाले. ऊन रणरणत होते. जेवणाची वेळ झाली तरी मुलगा परतला नाही. परिचारिकाबाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एक ताट वाढून झाकून ठेवले.

संध्याकाळी अर्ज घेऊन मी स्कूटरने त्याच्या वस्तीत गेलो. वडील ठेकेदाराकडे कामाला होते. पाळी संपवून बासी खात बसले होते. शिबिरात काय शिकवतात ते मी त्यांना नीट सांगितले. ते म्हणाले, "साहेब, आम्ही कबीरपंथी. चांगली गोष्ट कोणाच्याही तोंडची ऐकावी. पण मला लिहिता येत नाही. चारचौघांत बापाचा अंगठा दिसू नये, म्हणून पोराने कागद दाखवलाच नाही." मुलगा दाराआड उभा होता. दुपारभर तो शिबिराच्या कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली बसून गाणी ऐकत होता, हे मला तेव्हा समजले.

शाईची गादी जवळ नव्हती. माझ्याच पेनातील शाई त्यांच्या अंगठ्याला लावून मी ठसा घेतला.

नियम चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. चूक एवढीच की त्याचे ओझे मी बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर दिले होते. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या हाती अर्ज देणे आम्ही बंद केले. दोन स्वयंसेवक घरोघरी जात, छत्तीसगढीत मजकूर वाचून दाखवीत, बायबलमधील गोष्टी असतील हेही स्पष्ट सांगत आणि मग सही किंवा अंगठा घेत. दोन घरांनी नकार दिला. त्यांची नावे आम्ही तक्रार न करता वगळली. त्या नकारांमुळे उरलेल्या होकारांना अर्थ आला, असे मी मानतो.

पुढे कार्यालयात 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा लिहिण्यासाठी पेन उचलले की तो कडुलिंब आठवे. ती त्रुटी अर्जदाराने भरून काढायची आहे की आपण चार पावले चालून, हे मी आधी स्वतःला विचारू लागलो. वाचकहो, बहुतेक वेळा उत्तर दुसरेच निघाले.