गोणीवरचं शून्य

गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा धरला आणि माझा हुकमी प्रयोग बंद पडला. दोन किलोचं लोखंडी वजन हात पुढे ताणून धरायचं आणि तसंच शिकवत राहायचं. हात थरथरू लागला की विचारायचं, "माझ्या बलानं वजनावर किती कार्य केलं?" उत्तर शून्य. वर्ग चिडीचूप. त्यात शिकवण्यापेक्षा मिरवणंच जास्त होतं, कबूल.

आता वजन मुलं धरतात. परवा एका मुलीनं धरलं. वडील बाजार समितीत माथाडी. हात खाली न घेताच म्हणाली, "सर, बाबा गोणी पाठीवर घेऊन गाळ्यापर्यंत जातात, तेही शून्यच?"

बल वर, विस्थापन आडवं, कोसाइन नव्वद शून्य. क्लासवाले एवढं सांगून पुढच्या गणिताला लागतात. त्यांच्या मुलांना मार्कही माझ्या मुलांपेक्षा जास्त पडतात, ते सोडा. मी म्हटलं, "शून्य आहे ते गोणीला तोलणाऱ्या उभ्या बलाचं." टेबलावर वजन ठेवलं तर टेबल दमत नाही. ताणून धरलेल्या स्नायूत मात्र प्रथिनांचे धागे एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. दर पकडीला एटीपी खर्च होतं आणि वजन हललं नाही की सगळ्याची उष्णता होते. त्यातून चालताना गोणी जराशी खालीवर होतेच, म्हणजे पुस्तकातलं निखळ शून्यही हाती लागत नाही.

"मग बाबांचं मोजायचं कसं?"

माझं गाडं दरवेळी इथंच अडतं. 50 किलोची गोणी दीड मीटर उचलली की 735 ज्यूल. चमचाभर, म्हणजे चारेक ग्रॅम साखरेतली ऊर्जा या हिशेबानं नव्वदेक गोण्यांना पुरावी! कोरिओलिसनं 1829 साली 'कार्य' या राशीला नाव दिलं ते यंत्रांच्या हिशेबाच्या पुस्तकात. दमण्याचा रकाना त्यात नव्हताच. बरं, दमणंही सरळ नाही. केनियातल्या काही बायका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं ओझं डोक्यावर घेऊन चालतात आणि त्यासाठी जादा ऊर्जा जवळजवळ लागत नाही, असं 1986 साली 'नेचर'मध्ये आलं होतं. मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबांची गोणी पाचवा हिस्सा नसते, सर."

पेपर काढणाऱ्यांना एक विनंती. 'हमालाने किती कार्य केले?' असा प्रश्न घालू नका. कोणत्या बलानं आणि कशावर, तेवढं लिहा.